शिळा, नासपती आणि कीचक

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा खिळ्यांचा इतिहास लिहितो. खिळे कोणी पाडले, बालबोध वळण कसे सिद्ध झाले, कोणता छापखाना कोठे निघाला, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. शिळाछापाकडे मात्र खिळ्यांपूर्वीची एक तात्पुरती सोय एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळेवर पंचांग छापले, ही गोष्ट आपण आदराने सांगतो आणि पुढे खिळ्यांकडे वळतो. त्याच वर्षी, तशाच दगडावर, पॅरिसमध्ये एका राजाच्या चेहऱ्याचे नासपतीच्या फळात रूपांतर झाले. दगड तोच, तेलकट खडू तोच, पाण्याचे आणि तेलाचे वैर तेच. परंतु एका ठिकाणी त्या दगडातून पंचांग निघाले आणि दुसऱ्या ठिकाणी राजद्रोह. हा विरोधाभास बरीच वर्षे माझ्या मनात घोळत होता. बंगळूरमध्ये महात्मा गांधी रस्त्यालगत व्यंगचित्रकारांच्या संस्थेचे जे कलादालन आहे, तेथे हिंडताना तो पुन्हा जागा झाला. आपल्याकडील राजकीय व्यंगचित्राची वंशावळ सांगताना आपण शंकर पिल्ले, आर. के. लक्ष्मण यांच्यापासून सुरुवात करतो, फार तर डेव्हिड लो या पाश्चात्त्य पूर्वजाचे नाव घेतो, आणि त्यामागच्या शतकाला सरळ वळसा घालतो. त्या शतकात आपल्याकडे शिळा होती, चित्रकार होते, संतापही होता. मग नासपती का नव्हती?

प्रथम पॅरिसची हकीकत पाहू. शिलामुद्रणाचा शोध आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात लावला. तेथील झोल्नहोफेन गावाजवळच्या खाणींतील चुनखडकाची घोटीव शिळा घ्यायची, तीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात द्यायचा, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई चिकटत नाही, खडूच्या रेषेला चिकटते. या साध्या क्रियेचे राजकीय परिणाम मात्र साधे नव्हते. ताम्रपटावर किंवा लाकडावर चित्र कोरायचे तर चित्रकार आणि छपाई यांच्यामध्ये कोरक्याचा हात येतो आणि दिवस जातात. शिळेवर चित्रकाराचा हातच छापला जातो. सकाळी सुचलेली थट्टा संध्याकाळी दुकानाच्या काचेआड लावता येते. ज्या राजकारणात मंत्रिमंडळे भराभर बदलतात, तेथे हा वेग म्हणजेच शस्त्र होते.

जुलै १८३० च्या क्रांतीने लुई फिलिप गादीवर आला. मुद्रणावर पूर्वनियंत्रण पुन्हा कधीही बसविले जाणार नाही, असे नव्या सनदेने वचन दिले होते. शार्ल फिलिपाँ याने ते वचन अक्षरशः खरे मानले. त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला त्याने 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक सुरू केले आणि वर्षभरात तो न्यायालयात उभा राहिला. १४ नोव्हेंबर १८३१ च्या त्या खटल्यात त्याने केलेला बचाव हा माझ्या मते चित्रमीमांसेच्या इतिहासातला एक मोठा प्रबंध आहे. तो चार रेखाटनांत लिहिलेला आहे एवढेच. पहिल्या रेखाटनात राजाचा चेहरा जसाच्या तसा. दुसऱ्यात गाल किंचित सुटलेले, कपाळावरचा केसांचा तुरा थोडा टोकदार. तिसऱ्यात चेहरा जवळजवळ फळ झालेला. चौथ्यात निखळ नासपती. फिलिपाँचा प्रश्न असा होता की, पहिले चित्र राजासारखे दिसते म्हणून मला शिक्षा करणार असाल, तर दुसरे पहिल्यासारखे दिसते, तिसरे दुसऱ्यासारखे, आणि चौथे तिसऱ्यासारखे. मग फ्रान्समधल्या सगळ्या नासपतींवर खटला भरणार काय? न्यायालय हसले की नाही ठाऊक नाही. त्याने सहा महिन्यांची कैद आणि दोन हजार फ्रँक दंड सुनावला. फ्रेंच बोलीत नासपती या शब्दाचा दुसरा अर्थ भोळसट, बावळट असा होतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. चित्र डोळ्यांना दिसत होते, पण हसू जिभेवरून येत होते. पुढे पॅरिसच्या भिंतींवर पोरेटोरे खडूने नासपती काढू लागली. तरुणपणी पॅरिसमध्ये राहिलेल्या थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराने त्याचे वर्णन केले आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या या लेखकाला ती नासपती इतकी आवडावी, यात काही योगायोग शोधण्याचा मोह मी टाळतो.

ओनोरे दोम्ये तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता. मार्सेयच्या एका काचकाम करणाऱ्या, आणि कवी होऊ पाहणाऱ्या, माणसाचा हा मुलगा. त्याने 'गार्गांत्युआ' काढले. अवाढव्य राजा आसनावर बसला आहे, त्याच्या जबड्यापर्यंत एक फळी टेकवली आहे, फाटके लोक आपली नाणी टोपल्यांत टाकत आहेत आणि त्या टोपल्या फळीवरून राजाच्या तोंडात रिकाम्या होत आहेत. आसनाखालून जे बाहेर पडते आहे, ती पदके आणि सनदा आहेत. या चित्राबद्दल दोम्येला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ऑगस्ट १८३२ च्या अखेरीस तो सँत-पेलाजीच्या तुरुंगात गेला. दंड वाढत गेले, तेव्हा फिलिपाँने ते भरण्यासाठी वर्गणीदारांची एक मासिक मंडळी उभारली: दरमहा एक मोठे चित्र वर्गणीदाराला मिळावे आणि त्याच्या पैशातून सरकारचा दंड भागावा. सरकारची थट्टा करण्यासाठी सरकारला द्यावयाचा पैसा लोकांकडून गोळा करण्याची ही व्यवस्था स्वतःच एक व्यंगचित्र आहे.

त्या मालिकेतले शेवटचे चित्र म्हणजे 'र्यू त्रांस्नोनें, १५ एप्रिल १८३४'. दंगलीच्या वेळी त्या गल्लीतील बारा क्रमांकाच्या घरातून गोळी सुटली म्हणून सैनिक आत शिरले आणि त्यांनी दिसेल त्याला मारले. दोम्येने सैनिक दाखवले नाहीत. पहाटेचा उजेड आहे, चादर ओढली गेलेला बिछाना आहे, रात्रीच्या अंगरख्यातला एक पुरुष त्याला टेकून कोसळला आहे आणि त्याच्या देहाखाली एक तान्हे मूल चिरडले आहे. डावीकडे अंधारात एक स्त्री, उजवीकडे कडेला एका म्हाताऱ्याचे डोके. थट्टा कोठेच नाही. हे व्यंगचित्र नव्हे, इतिहास आहे, अशा आशयाचे मत पुढे बोदलेअरने मांडले, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात एक भर घालावीशी वाटते. तीन वर्षे ज्याने विकृतीचा अभ्यास केला, त्यालाच कोठे विकृती करू नये हे कळते. ओबेरच्या दुकानात हे चित्र लागले तेव्हा लोकांची रीघ लागली, आणि पोलिसांनी हाती लागलेल्या प्रती व मूळ शिळा जप्त केली.

२८ जुलै १८३५ रोजी फिएस्की याने राजावर प्राणघातक हल्ला केला. सरकारला कारण मिळाले. ९ सप्टेंबरच्या कायद्याने कोणतेही चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक झाले. सनदेतल्या वचनाचे काय, या प्रश्नाला मंत्र्यांनी दिलेले उत्तर बारकाईने वाचण्यासारखे आहे. सनदेने मते प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मत मनाशी बोलते. चित्र डोळ्यांशी बोलते, ते मत नसून कृती आहे. म्हणून सनद त्याला लागू नाही. निरक्षर माणूस अग्रलेखाला दाद देत नाही, नासपतीला देतो, ही भीती त्या युक्तिवादामागे होती. 'ला कारिकात्यूर' बंद पडले. दोम्ये राजकारण सोडून समाजाकडे वळला: लफंगा रोबेर माकेर, वकील, न्यायाधीश, घरमालक, आणि लिहित्या बायका. फ्रान्समधील व्यंगचित्र पूर्वपरवानगीच्या जाचातून कायमचे सुटले ते १८८१ च्या कायद्याने. मधल्या काळात आंद्रे जिलसारख्यांनी त्या कायद्याशी लपंडाव खेळला, त्याची हकीकत रंजक असली तरी येथे तिचे कारण नाही.

आता आपल्याकडे येऊ. वंशावळीचा धागा दाखवणे अवघड नाही. फिलिपाँने १ डिसेंबर १८३२ रोजी 'ल शारिवारी' हे दैनिक काढले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' त्याच वर्षीच्या ६ जानेवारीचे. १८४१ मध्ये लंडनला 'पंच' निघाला, तेव्हा त्याने आपले उपनाव 'लंडन शारिवारी' असे ठेवले. मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच' निघाला. बर्जोरजी नवरोजींच्या हाती आल्यावर पुढे त्याचा 'हिंदी पंच' झाला. लखनौला १८७७ मध्ये सज्जाद हुसेन यांचा 'अवध पंच' निघाला. ठाण्याला मराठी 'हिंदुपंच' होता. म्हणजे ठाण्याचा हा पंच पॅरिसच्या शारिवारीचा नातू म्हणता येईल. मात्र नातवाने घराण्याच्या नावाचा अर्थ बदलला. इंग्रज पंच हा बाहुल्यांच्या खेळातला बायकोला काठीने बडवणारा कुबडा. आपला पंच म्हणजे गावच्या पंचायतीत न्याय देणारा मोठा माणूस. एका ध्वनीच्या जोरावर विदूषकाचा न्यायाधीश झाला. 'हिंदी पंच'ने तर आपल्या मानसपुत्राला 'पंचोबा' म्हणून घरचाच करून टाकले. या नामांतरात आपल्या विनोदाची एक खोड उघडी पडते असे मला वाटते: हसवणाऱ्याला आपण हसवणारा म्हणून राहू देत नाही, त्याने निवाडाही द्यावा अशी अपेक्षा करतो.

शारिवारी या शब्दाचाही मागोवा घेण्यासारखा आहे. विजोड विवाह करणाऱ्याच्या किंवा गावाला न रुचणारे वर्तन करणाऱ्याच्या दारात रात्री जाऊन भांडीकुंडी बडवायची, ओरडायचे, हा फ्रेंच खेड्यातला जुना प्रघात. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे शिमगा आहे. बोंब आहे, सोंग आहे, गाढवावरून काढलेली धिंड आहे. आणि ही शारिवारी एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात अगदी जिवंत होती. १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली, रानडे आणि फुले तीत होते. विरोधकांनी त्यावर उतारा म्हणून एका गाढवाला सजवून गर्दभानंदाचार्यांची मिरवणूक काढली. पुढे आगरकरांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच पुण्याच्या रस्त्यातून निघाली. ही दोन्ही व्यंगचित्रेच आहेत; कागदाऐवजी रस्त्यावर काढलेली. नाव आणि आकार यांच्या खेळातून माणसाचे गाढव करणे आणि राजाचे फळ करणे यांत रचनेचा फरक नाही. फरक लक्ष्याचा आहे. पॅरिसची शारिवारी सिंहासनाच्या दारात गेली, पुण्याची सुधारकाच्या दारात.

ही गोष्ट बोचणारी असली तरी ती बाजूला सारता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी उपहासाचा फार मोठा भाग घरातल्या घरात खर्च झाला. जोतीरावांच्या 'तृतीय रत्न' नाटकात, १८५५ मध्ये, एक विदूषक आहे. तो जोशाच्या ढोंगावर मधूनमधून बोट ठेवतो, आणि त्याचे बोट ज्या सत्तेकडे आहे, ती शेतकऱ्याला रोज भेटणारी सत्ता आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची जी टर उडवली, तिच्यात प्रतिभा आहे हे नाकारता येत नाही. ती प्रतिभा कोणावर खर्ची पडली, हे पाहून वाईट वाटते. नारायण बापूजी कानिटकरांची 'तरुणीशिक्षणनाटिका' १८८६ ची. शिकलेल्या स्त्रीवर हसणारे हे नाटक वाचताना दोम्येची १८४४ ची 'निळ्या मोज्यांच्या बाया' ही मालिका आठवल्याशिवाय राहत नाही: आई लिहीत बसली आहे आणि मूल पाण्याच्या टबात उलटे पडले आहे. दोम्येसारख्या प्रजासत्ताकवाद्याची दृष्टीही येथे अधू झाली. वरच्याकडे पाहून हसण्याची बंदी झाली की हसू खाली वळते, असा सिद्धान्त त्यावरून मांडता येईल. परंतु आपल्याकडे ते बंदीची वाट न पाहताच वळले होते.

तरीही, पुण्याला शिळा नव्हती असे नाही, हे मी आरंभी म्हटलेच आहे. १८७८ मध्ये चिपळूणकरांनी चित्रशाळा स्थापन केली. पुढे वासुकाका जोशी यांच्या हाती तिचा कारभार राहिला. वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लिटनने देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदा केला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये द्युराँ-र्युएलच्या दालनात, व्हिक्टर ह्यूगोच्या सन्माननीय अध्यक्षतेखाली, जवळजवळ आंधळ्या झालेल्या दोम्येच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. दुसऱ्या वर्षी तो वारला. पुण्याच्या शिळेवर मात्र या सुमारास राम पंचायतन उमटत होते. रंगाला एक शिळा या हिशेबाने अनेक शिळा एकमेकींवर नेमक्या बसवून छापलेले ते चित्र घराघरांत गेले. त्याच्या मागोमाग नाना फडणिसांची, शिवाजीची चित्रे निघाली. दिवाणखान्यातल्या विलायती चित्रांची जागा घेणारी ही मालिका होती आणि तिच्यामागे राजकारण होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पेशवाई बुडून साठ वर्षे झालेली. नानांचे चित्र भिंतीवर लावणे ही निरागस गोष्ट नव्हती. पण हे राजकारण वंदनाचे आहे, विडंबनाचे नाही. ज्या चिपळूणकरांच्या लेखणीला माणसाचे हसे करणे इतके सहज साधत होते, त्यांच्या शिळेवर एकही नासपती नसावी, हे कोडे आहे.

कायद्याचे भय, हे सर्वांना सुचणारे उत्तर. ते मला पुरेसे वाटत नाही. फिलिपाँला आणि दोम्येलाही कायदा होताच. त्यांनी तुरुंगातून काम केले. आपल्याकडेही टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून आले, पुढे टिळकांनी अठरा महिन्यांची आणि मग सहा वर्षांची शिक्षा भोगली. तुरुंगाला भिणारी ही माणसे नव्हेत. दुसरे उत्तर असे दिले जाते की आपली चित्रपरंपरा आदर्शाची, त्यामुळे विरूप रेखाटण्याचा हातच नव्हता. पिंगुळीच्या चित्रकथींतले राक्षस ज्याने पाहिले आहेत, तो हे मान्य करणार नाही.

माझ्या मते कारण चेहऱ्यात आहे. व्यंगचित्राला सर्वांच्या परिचयाचा एक चेहरा लागतो. लुई फिलिपचे सुटलेले गाल पॅरिसच्या प्रत्येक नाण्यावर होते, तो स्वतः छत्री घेऊन रस्त्यात हिंडत असे. म्हणून चार रेषांत त्याची नासपती झाली आणि ती पाहणाऱ्याला तत्काळ पटली. पुण्याच्या किंवा सातारच्या माणसाने लिटनचा चेहरा कोठे पाहिला होता? राणी समुद्रापार, तिची छबी नाण्यावर आणि तीही तरुणपणची. गव्हर्नर-जनरल कलकत्त्याला, पाच वर्षांनी बदलणारा. इंग्रजी राज्याला कचेरी होती, शिक्का होता, पण चेहरा नव्हता. ज्याला चेहरा नाही त्याचे विडंबन कसे करणार? मुंबईचा पुरावा या तर्काला पुष्टी देतो. तेथे नगरपालिका होती, सभा होत्या, फिरोजशहा मेहतांच्या मिशा साऱ्या शहराला ठाऊक होत्या. म्हणून तेथे 'हिंदी पंच' फोफावला. आणि हिंदुस्थानात सर्वत्र ओळखला जाणारा पहिला व्हाइसरॉय जेव्हा आला, फोटोंतून, दरबारांतून, आपल्या ताठ मानेतून, तेव्हा त्या पत्राने केवळ त्याच्यावरच्या चित्रांचे एक पुस्तक १९०३ मध्ये काढले. तो व्हाइसरॉय कर्झन.

कर्झनचे नाव आले की मराठी वाचकाला पुढचे नाव आपोआप आठवते. मराठी समाजाजवळ सर्वांच्या परिचयाचे चेहरे नव्हते असे नाही. ते पुराणांत होते. राम, रावण, द्रौपदी, भीम, कीचक. निरक्षर स्त्रीलाही हे चेहरे ठाऊक होते, त्यांचे गुणदोष ठाऊक होते, शेवट ठाऊक होता. रविवर्म्याने १८९० मध्ये सैरंध्री आणि कीचक रंगवले, त्याच्या आणि इतरांच्या छापखान्यांनी पुराणातले प्रसंग घरोघर पोचवले. म्हणजे चेहरे ओळखीचे करण्याचे जे काम पॅरिसमध्ये नाण्यांनी आणि वृत्तपत्रांनी केले, ते आपल्याकडे रंगीत शिळाछापाने केले. या तयार भूमीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये उभे राहिले. प्रेक्षकाने कीचक पाहिला आणि त्याला कर्झन दिसला; सैरंध्री म्हणजे कोण, संयम शिकवणारा धर्मराज म्हणजे कोणता पक्ष, भीम म्हणजे कोणता, हे कोणाला सांगावे लागले नाही. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. फिलिपाँने चार रेखाटनांत चेहऱ्याचे फळ केले. खाडिलकरांच्या प्रेक्षकाने उलटा प्रवास केला, फळातून चेहरा ओळखला. कीचक ही आपली नासपती आहे. तिच्यात हसू नाही, संताप आहे. कारण शेवट ठाऊक असलेल्या कथेत खलनायकावर हसण्यापेक्षा त्याच्या मरणाची वाट पाहणे स्वाभाविक असते. या पद्धतीने काय साधले हे स्पष्टच आहे. काय गमावले तेही पाहिले पाहिजे: नासपती झालेला राजा बावळट ठरतो, कीचक झालेला व्हाइसरॉय मात्र अक्राळविक्राळ आणि म्हणून मोठाच राहतो. सत्तेला क्षुद्र करून दाखवण्याची कला या वाटेने येत नाही.

ती कला आपल्याकडे आली, पण शिळेवर नव्हे, वाक्यात. शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' १८९८ मध्ये निघाले. परांजप्यांची वक्रोक्ती आता वाचताना तिचा घाट कळतो: राज्यकर्त्यांची स्तुती इतक्या गांभीर्याने, इतक्या विस्ताराने करावयाची की तिसऱ्या वाक्याला स्तुती ताणू लागते, पाचव्याला तिचे गाल सुटतात आणि परिच्छेदाच्या शेवटी वाचकाच्या हातात फळ येते. फिलिपाँची चार रेखाटने आणि परांजप्यांचा एक परिच्छेद यांची रीत एकच आहे. कोणत्या वाक्याशी राजद्रोह सुरू झाला, हे दाखवणे सरकारी वकिलाला अवघड जावे, ही दोघांचीही हिकमत. १९०८ मध्ये परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि 'काळ'मधील निबंधांचे संग्रह पुढे जप्त झाले. मराठी राजकीय व्यंगचित्राचा इतिहास लिहिणाराने हे वाङ्मय चित्रकलेच्या बाहेरचे म्हणून सोडून देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

'हिंदुपंच'चा अंतही सांगण्यासारखा. १९०९ मध्ये त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लागला, तो सरकारने नव्हे तर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लावला आणि जिंकला. टिळकांच्या शिक्षेशी गोखल्यांचा संबंध जोडणाऱ्या मजकुराचे हे प्रकरण. गोखल्यांची बाजू न्याय्य होती, हे आज कोणीही मान्य करील. तरीही, फ्रेंच शारिवारीच्या या मराठी नातवाची गाठ अखेर एका सज्जन देशभक्ताच्या दाव्याशी पडली, राजाच्या वकिलाशी नव्हे, ही गोष्ट गर्दभानंदाच्या मिरवणुकीपासून चालत आलेल्या रीतीशी सुसंगतच आहे.

पुढची कथा बरीच परिचित आहे, म्हणून ती विस्ताराने सांगत नाही. शंकरराव किर्लोस्करांच्या 'टाकाच्या फेकी', १९६० चे 'मार्मिक', वसंत सरवट्यांची चित्रे आणि परदेशी व्यंगचित्रकारांचा त्यांनी करून दिलेला परिचय, ही वाट मराठी वाचकाला ठाऊक आहे. मी ज्या शहरात राहतो, तेथे १९४२ मध्ये डॉ. एम. शिवराम यांनी 'कोरवंजी' हे कन्नड विनोदी मासिक काढले. म्हैसूरच्या लक्ष्मणची आरंभीची चित्रे त्यात आली. कोरवंजी म्हणजे दारोदार फिरून भविष्य सांगणारी बाई. आपण विदूषकाला पंच केले, कन्नडांनी त्याला कुडमुड्या जोशाच्या घरची बाई केली. माझ्या मते कन्नडांची निवड अधिक शहाणपणाची होती. लक्ष्मणच्या काळापर्यंत चेहऱ्यांचा दुष्काळ संपला होता. स्वराज्यातील सत्तेला टोपी होती, नाक होते, चष्मा होता, आणि ती रोज सकाळी पहिल्या पानावर येत होती.

कायद्याचा एक धागा मात्र सोडून चालणार नाही. फ्रेंच मंत्र्यांना १८३५ मध्ये चित्र ही कृती आहे, मत नव्हे, असे शब्दच्छल करून सिद्ध करावे लागले, कारण त्यांच्या सनदेत चित्राचे नाव नव्हते. इंग्रजांनी आपल्याकडे ती अडचण ठेवली नाही. १८७० मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम घातले गेले, तेव्हा त्यात बोललेले वा लिहिलेले शब्द, खुणा यांच्याबरोबरच दृश्य निवेदनाचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे पुण्याची चित्रशाळा निघण्याच्या आठ वर्षे आधीच, जी नासपती आपल्याकडे कोणी काढली नव्हती, तिच्यासाठी कलमात जागा करून ठेवलेली होती. स्वातंत्र्यानंतर ते कलम राहिले. २०१२ मध्ये मुंबईत एका तरुण व्यंगचित्रकाराला त्याखाली अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याचा अंमल थांबवला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेच्या १५२ व्या कलमात राजद्रोह हा शब्द नाही. दृश्य निवेदन आहे, आणि त्याच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक संपर्काची भर पडली आहे.

शिळाछापाचा एक धर्म आहे, तो सांगून थांबतो. दगड महाग असे. म्हणून प्रती काढून झाल्या की वाळू आणि पाणी घेऊन तो पुन्हा घासत, जुने चित्र नाहीसे होई आणि त्याच दगडावर नवे काढीत. पॅरिसची असो वा पुण्याची, त्या शतकातल्या बहुतेक शिळांची हीच गत झाली. 'र्यू त्रांस्नोनें'ची शिळा पोलिसांनी नेली. ज्या प्रती त्यांच्या हातून सुटल्या, त्या वर्गणीदारांच्या घरी गेलेल्या होत्या. दंड भरण्यासाठी पैसे दिलेल्या माणसांच्या कपाटांत त्या राहिल्या, म्हणून ते तान्हे मूल आज आपल्याला दिसते.